‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ म्हणजे नेमके काय? नोंदणी नसलेल्या गुंतवणूक योजना ओळखण्याची आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्याची रीत

गुंतवणूक योजना विकणाऱ्या माणसाला ‘तुमची कंपनी रजिस्टर्ड आहे का?’ असे विचारले की तो लगेच फाइल उघडतो. कंपनी निबंधकाचे नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, दुकान परवाना, पॅन कार्ड आणि कधीकधी ट्रेडमार्कचा अर्जसुद्धा तो समोर मांडतो. यातील एकही कागद खोटा नसतो, आणि लोकांकडून पैसे गोळा करण्याचा अधिकार त्यांपैकी एकानेही मिळत नाही. कंपनी निबंधक केवळ या नावाची कंपनी अस्तित्वात आली असे सांगतो, जीएसटी क्रमांकावरून ती कर भरण्यास पात्र आहे एवढे कळते, आणि उद्यम नोंदणी तर व्यावसायिकाने स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. लोकांकडून या प्रकारे पैसे स्वीकारण्याची परवानगी तुम्हाला कोणत्या नियामकाने, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या क्रमांकाने दिली आहे? पुढील सर्व पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत, कारण तक्रार कोणाकडे करायची आणि पैसे परत मिळण्याचा कोणता मार्ग उघडा आहे हेही त्याच्या उत्तरावरून ठरते.

पहिली पायरी : योजना कोणाच्या अखत्यारीत येते हे ओळखणे

योजनेच्या नावाकडे दुर्लक्ष करून पैशांचा प्रवास पाहावा. ठराविक मुदतीनंतर मुद्दल आणि त्यावर काही लाभ परत देण्याचे वचन असेल, तर त्याला ‘प्लॅन’, ‘मेंबरशिप’, ‘अॅडव्हान्स’ किंवा ‘बुकिंग’ असे काहीही म्हटलेले असले तरी व्यवहार ठेवीचा असण्याची शक्यता मोठी असते. ठेवी स्वीकारण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. बँका आणि टपाल खाते सर्वांना माहीत आहेत. बिगर बँक वित्तीय कंपन्यांपैकी ज्यांच्या रिझर्व्ह बँकेच्या नोंदणी प्रमाणपत्रात ठेवी स्वीकारण्याची स्पष्ट मुभा आहे, त्यांनाच लोकांच्या ठेवी घेता येतात. अशा कंपनीला १२ महिन्यांपेक्षा कमी किंवा ६० महिन्यांपेक्षा अधिक मुदतीची ठेव घेता येत नाही आणि वर्षाला १२.५ टक्क्यांपेक्षा अधिक व्याजही देता येत नाही. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. महिन्याला ५ टक्के देऊ म्हणणाऱ्याने आपण त्या चौकटीबाहेर आहोत हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलेले असते. इतर कंपन्यांबाबत कंपनी कायद्याची अट अशी आहे की किमान १०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य किंवा ५०० कोटी रुपयांची उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपनीलाच सर्वसामान्य लोकांकडून ठेवी घेता येतात, आणि त्यासाठीही पतमानांकन व अन्य पूर्तता लागतात. एखाद्या व्यक्तीने किंवा भागीदारी संस्थेने ठेवी स्वीकारण्याचा धंदा करण्यास रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५-एस नेच मनाई केलेली आहे. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसे त्यात मोडत नाहीत.

पतसंस्थांचा विचार महाराष्ट्रात वेगळा करावा लागतो, कारण त्या गावोगावी आहेत आणि त्यांतील बहुतेक कायदेशीर आहेत. राज्यातील पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, तिच्यावर सहकार खात्याच्या उपनिबंधकाची किंवा सहायक निबंधकाची देखरेख असते आणि तिने केवळ सभासदांकडून ठेवी घ्यायच्या असतात. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी संस्था मात्र दिल्लीतील केंद्रीय निबंधकाच्या कक्षेत येते, आणि स्थानिक सहकार कार्यालयात खेटे घालणाऱ्या ठेवीदाराला ही गोष्ट बहुधा फार उशिरा कळते. दोन्ही प्रकारच्या पतसंस्थांतील ठेवींना बँकांप्रमाणे ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण नसते. निधी कंपनी, म्हणजे सभासदांकडून ठेवी घेऊन त्यांनाच कर्ज देणारी कंपनी, हीही केवळ आपल्या सभासदांपुरती असते आणि तिचा संबंध केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाशी येतो.

दुसरा प्रकार असा की अनेकांचे पैसे एकत्र करून ते एखाद्या मालमत्तेत किंवा धंद्यात लावले जातात, त्याचा कारभार योजना चालवणारा पाहतो, गुंतवणूकदाराच्या हाती दैनंदिन नियंत्रण काहीच नसते आणि त्याला त्यातून नफा मिळण्याची आशा दाखवलेली असते. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या कायद्यातील कलम ११-एए नुसार ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरते आणि सेबीच्या नोंदणीशिवाय ती चालवता येत नाही. १९९० च्या दशकात सागाच्या झाडांच्या जाहिराती घरोघरी पोहोचल्या होत्या. त्यानंतर शेळ्या आल्या, भूखंड आले, हॉटेलातील खोल्यांचे ‘रूम नाइट्स’ आले. पुण्याच्या समृद्ध जीवन समूहाची शेळ्या आणि गायींची योजना आणि मुंबईच्या पॅनकार्ड क्लबची सुटीत राहण्याच्या सवलतीची योजना या दोन्ही सेबीने याच व्याख्येखाली आणल्या. पॅनकार्ड क्लबच्या प्रकरणात सेबीने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अंतिम आदेश दिला, तेव्हा गोळा झालेली रक्कम सुमारे ७,०३५ कोटी रुपये होती. शेळी खरी होती की नाही, हॉटेल खरे होते की नाही, हा येथे मुख्य मुद्दाच नाही. पैसे एकत्र करून दुसऱ्याने चालवण्याचा हा प्रकार परवानगीविना चालला होता, आणि कारवाईसाठी तेवढे पुरेसे होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर तर १०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम गोळा करणारी आणि अन्य कोणत्याही नियामकाच्या कक्षेत नसलेली योजना कायद्यानेच सामूहिक गुंतवणूक योजना मानली जाते.

तिसरा प्रकार सल्ल्याचा. शेअर बाजारातील ‘टिप्स’ पैसे घेऊन देणाऱ्याला सेबीच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमांखाली किंवा २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांखाली नोंदणी घ्यावी लागते. ‘आम्ही केवळ शिकवतो’ हा त्यावरचा आवडता बचाव आहे. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने समाजमाध्यमांवर प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीविरुद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढला, तेव्हा शिक्षणाच्या नावाखाली समभाग खरेदी-विक्रीच्या शिफारशी दिल्या जात असल्याचा प्रथमदर्शनी निष्कर्ष काढून १७.२ कोटी रुपये वेगळ्या खात्यात जमा करण्यास सांगितले होते. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने ही सीमारेषा आणखी स्पष्ट केली असून, केवळ शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांच्या बाजारभावांचा आधार घेऊन समभागांची नावे घेऊ नयेत असे त्यात म्हटले आहे. चालू भावावर बोट ठेवून ‘उद्या हा घ्या’ म्हणणारा मास्तर या कसोटीला उतरत नाही.

काही गोष्टी कोणाच्याच कक्षेत नसतात, आणि त्या ओळखणे अधिक अवघड असते. ऑनलाइन विकले जाणारे ‘डिजिटल गोल्ड’ आपल्या नियमनाखाली येत नाही असे सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर निवेदनाने सांगितले. ते विकणे बेकायदा आहे असा त्याचा अर्थ नव्हे, परंतु विक्रेता बुडाला तर सेबीच्या तक्रार यंत्रणेचा उपयोग होणार नाही एवढे समजून घ्यावे. सराफांच्या मासिक हप्त्यांच्या योजना बहुतकरून ११ महिन्यांच्या का असतात, याचेही उत्तर कायद्यातच आहे. मालासाठी आगाऊ घेतलेली रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालाच्या पुरवठ्यात वळती झाली नाही, तर कंपनीच्या बाबतीत ती ठेव ठरू शकते. त्यामुळे १८ किंवा २४ महिन्यांची, शिवाय रोख परतीची हमी देणारी सोन्याची योजना दिसली की कान टवकारावेत.

दुसरी पायरी : नोंदणी स्वतः पडताळणे

विक्रेत्याने दाखवलेला कागद, त्याने पाठवलेली लिंक किंवा त्याने दिलेला दूरध्वनी क्रमांक यांवर पडताळणी करू नये, कारण बनावट संकेतस्थळे हुबेहूब बनवलेली असतात. सेबीचे संकेतस्थळ स्वतः उघडून मध्यस्थांच्या विभागातील मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी पाहावी आणि तेथे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, ई-मेल व नोंदणीचा प्रकार या पाचही गोष्टी जुळतात का ते तपासावे. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ ने, शेअर दलालाचा ‘आयएनझेड’ ने आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापकाचा ‘आयएनपी’ ने सुरू होतो. म्युच्युअल फंड वितरकाकडे ‘एआरएन’ क्रमांक असतो आणि तो ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

क्रमांक खरा निघाला म्हणजे काम संपले असे नाही, आणि बहुतेक लोक येथेच थांबतात. म्युच्युअल फंड वितरकाला फंड विकता येतो, मात्र स्वतःच्या खात्यात पैसे घेऊन ‘मी फिरवून देतो’ असे म्हणता येत नाही. संशोधन विश्लेषकाला शिफारस करता येते, परंतु ग्राहकाच्या डिमॅट खात्याचा पासवर्ड घेऊन व्यवहार करता येत नाहीत. पोर्टफोलिओ व्यवस्थापकाला किमान ५० लाख रुपयांपासूनच गुंतवणूक घेता येते, तेव्हा २ लाखांची ‘पीएमएस’ देऊ करणारा त्या सेवेच्या नावाखाली काहीतरी वेगळेच विकत असतो. शिवाय यांच्यापैकी कोणालाही निश्चित परताव्याची हमी देता येत नाही. एखाद्या खऱ्या दलालाचे नाव आणि क्रमांक चोरून चालवलेले बनावट ॲप हा सध्याचा सर्वांत पसरलेला प्रकार आहे. त्यात ॲपवर नफा वाढताना दिसतो, पहिल्यांदा थोडी रक्कम काढूही दिली जाते आणि मोठी रक्कम काढायची वेळ आली की ‘कर भरा’ असा निरोप येतो. परदेशी गुंतवणूकदारांच्या विशेष खात्यातून स्वस्तात समभाग मिळवून देतो असे म्हणणाऱ्यांबद्दलही सेबीने २०२४ मध्ये सावध केले होते, कारण भारतात राहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला तो मार्ग उपलब्धच नाही.

म्हणून पैसे ज्या खात्यात जाणार आहेत त्या खात्याचीही पडताळणी करावी. सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी विशेष यूपीआय ओळख सुरू केली असून तिच्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि बँकेचे नाव येते. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचे चिन्ह दिसते. ‘सेबी चेक’ या सुविधेत बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड टाकूनही खाते नोंदणीकृत मध्यस्थाचेच आहे का हे पाहता येते. खाते एखाद्या व्यक्तीच्या, ट्रेडिंग कंपनीच्या किंवा दर आठवड्याला बदलणाऱ्या नावाचे असेल तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

ठेवी घेणाऱ्या कंपनीसाठी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बिगर बँक वित्तीय कंपन्यांच्या याद्या आहेत. सामूहिक गुंतवणूक योजनेसाठी सेबीकडे नोंदणी आहे असा दावा कोणी केला तर तो विशेष संशयाने पाहावा, कारण सेबीच्या जाहीर इशाऱ्यांत नोंदणीकृत म्हणून वर्षानुवर्षे एकाच कंपनीचे नाव येत असे. ‘ही खासगी ऑफर आहे, निवडक लोकांसाठी’ असे सांगून रोखे किंवा समभाग विकले जात असतील, तर कंपनी कायद्यानुसार एका आर्थिक वर्षात अशी ऑफर २०० पेक्षा अधिक लोकांना देता येत नाही हे आठवावे. सहारा प्रकरणाचा कायदेशीर गाभा हाच होता. जुन्या कायद्यात ती मर्यादा ५० होती, आणि कोट्यवधी लोकांकडून पैसे घेतल्यावर ‘खासगी’ या शब्दाला अर्थ राहत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी ठरवले.

एजंट आपल्यातला असतो, भाचा, शेजारी किंवा निवृत्त गुरुजी, आणि त्याच्यासमोर संकेतस्थळ उघडणे लोकांना अपमानास्पद वाटते. हा संकोच सोडावा लागतो. २०१९ च्या अनियमित ठेव योजना बंदी कायद्याने अशा योजनेसाठी लोकांना प्रवृत्त करणेही गुन्हा ठरवले असून त्यासाठी १ ते ५ वर्षे कैद आणि २ ते १० लाख रुपये दंड आहे. कमिशनसाठी फिरणाऱ्या भाच्याला ही माहिती देणे त्याच्या हिताचेच असते.

तिसरी पायरी : पैसे अडकले असतील तर पहिल्या दिवसापासून काय करावे

रक्कम ऑनलाइन गेली असेल आणि व्यवहार ताजा असेल, तर सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय सायबर क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तेथे बँकांशी जोडलेली यंत्रणा असल्याने पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. ही शक्यता तासागणिक कमी होते, त्यामुळे कागद जमवण्यात पहिला दिवस घालवू नये.

योजना जुनी असेल तर घाई वेगळ्या गोष्टीची करावी. पावत्या, प्रमाणपत्रे, पासबुके, बँकेची विवरणपत्रे, माहितीपत्रके, सभेचे फोटो, व्हॉट्सॲप संभाषणे आणि एजंटने पाठवलेले आवाजी निरोप जपून ठेवावेत. संभाषणाच्या फोटोंसोबत संपूर्ण संभाषण निर्यात करून ठेवावे आणि तो फोन विकू नये किंवा पूर्ण पुसून टाकू नये, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये. ‘नवीन प्रमाणपत्र देतो, जुने जमा करा’ हा निरोप कंपनी डबघाईला आल्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे, आणि ठेव ‘शेअर’ किंवा ‘उसनवारी’त बदलणारा नवा करार हे त्याचे दुसरे रूप. त्यावर सही केली की ठेवीदार म्हणून असलेली बाजू कमकुवत होते.

पुढील तारखेचे धनादेश मिळालेले असतील तर त्यांची मुदत तीन महिन्यांचीच असते, म्हणून ते वेळेत भरावेत. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यानंतर समोरच्याला १५ दिवस असतात आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. ‘साहेब पुढच्या आठवड्यात देणार आहेत’ या एका वाक्यावर कित्येकांच्या या तारखा निघून जातात.

रोखीने पैसे दिल्यामुळे तक्रार करायला अनेक जण घाबरतात. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने स्वीकारण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे, पण तिचा दंड स्वीकारणाऱ्यावर येतो. देणाऱ्याने आपला पैसा कोठून आला हे सांगता येईल एवढी तयारी ठेवावी आणि तक्रार करावी.

चौथी पायरी : तक्रार योग्य दारात नेणे

सेबीची ‘स्कोअर्स’ ही तक्रार यंत्रणा फार चांगली आहे, परंतु ती नोंदणीकृत मध्यस्थ आणि सूचीबद्ध कंपन्यांसाठी आहे. तेथे संबंधित संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते, समाधान न झाल्यास पुनरावलोकन मागता येते आणि पुढे ऑनलाइन लवादाची सोयही आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्धची तक्रार ‘स्कोअर्स’वर तक्रार म्हणून हाताळली जात नाही. परवानगी तपासण्याचा खरा व्यावहारिक उपयोग येथे लक्षात येतो. नोंदणीकृत माणसाशी वाद झाला तर उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर असते, आणि नोंदणी नसलेल्याला जाब विचारण्यासाठी आधी त्याला शोधावे लागते. अशा विक्रेत्याची माहिती सेबीला लेखी कळवावी, १८०० २२ ७५७५ या नि:शुल्क क्रमांकावर मार्गदर्शन घ्यावे आणि त्या अर्जाचा उद्देश ‘कारवाईसाठी माहिती’ असा स्पष्ट लिहावा. सेबी त्यावरून कायदेभंग थांबवील, पण व्यक्तिगत वसुलीचा दावा म्हणून तो चालवणार नाही.

ठेवींच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ हे संकेतस्थळ २०१६ पासून चालू आहे. तेथे केलेली तक्रार राज्यस्तरीय समन्वय समितीतील संबंधित नियामकाकडे किंवा पोलिसांकडे पाठवली जाते. कोणती संस्था कोणाकडे येते हे नक्की ठरवता येत नसेल तर हेच दार आधी ठोठावावे.

मात्र महाराष्ट्रातील ठेवीदारासाठी सर्वांत उपयोगी हत्यार पोलीस ठाण्यात आहे, आणि त्याचे नाव महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९, म्हणजे बोलीभाषेतला ‘एमपीआयडी’. फसवणुकीचा साधा गुन्हा नोंदवला तर आरोपीला शिक्षा होऊ शकते, पण या कायद्याची कलमे लागली तर त्याची मालमत्ता सरकार जप्त करू शकते आणि ती विकून ठेवीदारांना वाटता येते. म्हणून तक्रार लिहिताना शब्द जपून वापरावेत. ‘मी त्यांना पैसे उसने दिले’ किंवा ‘आम्ही धंद्यात भागीदारी केली’ असे ढोबळ वाक्य लिहिले की ठाणे अंमलदार ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून हात झटकू शकतो. किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती किंवा खात्यात, कोणत्या मुदतीसाठी, किती लाभाच्या वचनाने ठेवली आणि कोणत्या तारखेला ती परत करण्यात कसूर झाली, हे क्रमाने लिहावे आणि हा कायदा लावावा अशी मागणी अर्जातच करावी. या कायद्यातील ‘ठेवी’ची व्याख्या रुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ६३ मून्स टेक्नॉलॉजीज प्रकरणात तिचा अर्थ व्यापकच ठेवला आणि वस्तूंच्या व्यवहार मंचावर आलेला पैसाही तिच्यात बसू शकतो असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस ज्वेलरीसमोर गर्दी जमली तेव्हा लोकांच्या हातात मॉयसॅनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम रत्नाचे खडे होते आणि दर आठवड्याच्या परताव्याचे वचन होते. खडा विकला, हिशेब संपला, असा युक्तिवाद तेथेही करता आला असता, पण मुंबई पोलिसांनी गुन्ह्याला हाच कायदा लावला.

पोलिसांनी तक्रार घेण्यास नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे (आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे) टपालाने पाठवावी आणि त्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. गुन्हा कोठे घडला यावरून टाळाटाळ होत असेल तर कोणत्याही ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ नोंदवता येतो. मोठ्या रकमेचा तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो, त्यामुळे पन्नास जणांनी पन्नास ठाण्यांत जाण्यापेक्षा रकमांची एकत्र यादी, प्रत्येकाचा स्वतंत्र जबाब आणि एक समन्वयक असे गेलेले बरे. समन्वयक निवडताना मात्र तो जुना ‘टॉप लीडर’ नाही याची खात्री करावी. साखळीतील वरची माणसे ठेवीदारांच्या समित्यांवर अध्यक्ष होऊन बसतात आणि ‘तक्रार केली तर पैसे बुडतील’ असा प्रचार करतात.

पाचवी पायरी : आदेशानंतर धीर धरणे आणि दावा जिवंत ठेवणे

सेबीचा अंतरिम आदेश आला की पैसे परत मिळणार असे लोक समजतात. प्रत्यक्षात त्या आदेशाने नवीन पैसे घेणे थांबते, मालमत्ता विकण्यास बंदी येते आणि समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. अंतिम आदेशात बहुधा परतफेडीचे निर्देश असतात. त्यावर ४५ दिवसांत मुंबईतील रोखे अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील होऊ शकते. आदेश पाळला नाही तर सेबीचा वसुली अधिकारी बँक खाती व मालमत्ता जप्त करतो. नोंदणीविना काम केल्याबद्दल फौजदारी खटलाही चालू शकतो आणि त्यात १० वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यातील प्रत्येक टप्प्याला वर्षे लागतात. जमिनीच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीविरुद्ध सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमली आणि त्यानंतरही परतफेड लहान दाव्यांपासून टप्प्याटप्प्यानेच होत राहिली.

‘एमपीआयडी’च्या मार्गात गृह विभाग जप्तीची अधिसूचना काढतो, उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरील दर्जाचा सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो ३० दिवसांत विशेष न्यायालयात जप्ती कायम करण्यासाठी अर्ज करतो आणि नंतर विक्री होऊन रक्कम ठेवीदारांत प्रमाणशीर वाटली जाते. ठेवीदाराचे काम येथे संपलेले नसते. सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात आपले नाव, रक्कम, बँक खाते आणि पत्ता यादीत बरोबर चढले आहे का ते पाहावे, पत्ता किंवा मोबाइल बदलल्यास लेखी कळवावे, आणि आरोपीच्या एखाद्या जमिनीची किंवा नातेवाइकाच्या नावावरील सदनिकेची माहिती असल्यास सातबारा उतारा किंवा सूची दोनच्या (दस्त नोंदणीच्या उताऱ्याच्या) प्रतीसह द्यावी. जप्तीची यादी जितकी लांब, तितकी वाट्याला येणारी रक्कम मोठी. तपास अधिकाऱ्याला गावातील जमीन ठाऊक नसते, गावकऱ्याला असते. मूळ ठेवीदार मरण पावला असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद आधीच तयार ठेवावेत, कारण वारसांमधील एका सहीसाठी मंजूर झालेला दावा वर्षभर पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

परतफेडीची बातमी छापून आली की दुसरी फसवणूक सुरू होते. ‘सेबीतून बोलतो आहे, तुमचे पैसे मंजूर झाले, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येतो आणि सोबत बोधचिन्ह असलेले पत्रही येते. परतफेड मिळवून देण्यासाठी सेबी, न्यायालयाची समिती किंवा सक्षम प्राधिकारी ठेवीदाराकडून शुल्क मागत नाही. लोढा समितीने तर मूळ प्रमाणपत्रे समितीकडून मागणी आल्याशिवाय कोणालाही देऊ नयेत असे गुंतवणूकदारांना वारंवार बजावले होते. असा फोन आला तर क्रमांक आणि पत्र जपून ठेवावे आणि त्याच दिवशी १९३० वर कळवावे, कारण जुन्या ठेवीदारांच्या याद्या कोणाच्या हाती पडल्या आहेत याचा माग बऱ्याचदा अशा फोनवरूनच लागतो.